पिठात गेलेली कविता

आबा कविता गात नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळी चाल लावल्याशिवाय कविता ही कविताच वाटत नसे. शाळेत आम्ही मुलींना झुलत झुलत कविता म्हणायला शिकवत असू. गावात कुणी कवी आला तर तोही आधी खाकरून सूर लावी. आबांना या प्रकाराचा विलक्षण राग होता.

"कविता सांगूची आसता, गावूची नसता," ते म्हणत. "म्हस हरवली म्हणान शेजाऱ्याक सांगतास, तेव्हा गावन सांगतास काय?"

मालवणच्या बंदरात तेव्हा मुंबईची आगबोट लागे. तिच्या कचेरीत आबा तिकिटं देत. उंच, थोडे वाकलेले, कानांवर केसांचे झुपके, अंगात बारा महिने काळा कोट. खिडकीशी आलेला माणूस जायच्या ठिकाणाचं नाव पुटपुटला, तर त्याला तिकीट मिळत नसे. "परत सांग. शब्द चावू नको. गावाचा नाव तां, सुपारी नाय." रांगेतली माणसं वैतागत. पण रांगेत उभ्या बायका पोरांना बजावत, की खिडकीशी नीट बोल, नाहीतर तो म्हातारा पाठवेल घरी. म्हातारा कसला, पन्नाशीही उलटली नव्हती तेव्हा त्यांची.

मी कणकवलीकडच्या एका खेड्यातली. मुलींच्या शाळेत नेमणूक झाली आणि आबांच्या घरातली एक खोली मला राहायला मिळाली. घरात आबा आणि त्यांच्या पत्नी काकी, दोघंच. मुलगा मुंबईला गिरणीत होता. माझ्या सामानात एक पेटी होती. माझे वडील गावच्या भजनात पेटी वाजवत. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी पेटीचं झाकण उघडलेलं नव्हतं. आबांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर बोट ठेवलं.

"वाजवतस?"

"वडिलांची आहे," मी म्हटलं.

"तां इचारूक नाय मी. वाजवतस काय?"

"वडील गेल्यापासून नाही."

आबा म्हणाले, "मगे शनवारी बाहेर येवन बस. फक्त सा धर. आणखी कायएक करू नको."

अशी मी त्यांच्या बैठकीत गेले आणि जवळजवळ दोन वर्षं फक्त सा धरून बसले. सुरुवातीला अपमान वाटे. मला दहा-बारा राग येत होते! पण हळूहळू त्या एका सुराची सवय झाली. रडायला येत असेल तर त्याच्या आडून रडताही येई. आबांना ते कळत असावं. ते माझ्याकडे कधी बघत नसत.

शनिवारी दिवेलागणीला घराच्या लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, एक मोठी चटई पसरली जाई. तिच्यावर मावतील तेवढीच माणसं बसायची, उरलेल्यांनी पुढच्या शनिवारी यायचं. दवाखान्यातला कंपाउंडर येई, मालाच्या होड्यांचे, म्हणजे पडावांचे, दोघे-तिघे तांडेल येत, शाळेतल्या आम्ही एक-दोघी आणि शेजारपाजारची बायामाणसं. कुणी टाळी वाजवली तर आबा कविता तिथेच थांबवत. "टाळ्यो कित्याक? आरती चलली हा?" कुणी 'वाहवा' म्हटलं तर त्याच्याकडे असं बघत, की तो माणूस पुढचा महिनाभर येत नसे. पावसाची मोठी सर कौलांवर आली की हात वर करून म्हणत, "रवा. आदी तेचा होवने." मग पावसाचं सांगून होईपर्यंत सगळे मुकाट्याने बसून राहत.

कविता त्यांच्या स्वतःच्या, आणि मालवणीतल्या. घरात बोलतात त्या भाषेत कविता होऊ शकते हे तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हतं. एक वकील एकदा बैठकीला आले होते. उठताना म्हणाले, "छान होतं, पण हे नुसतं बोलणं झालं. कविता कुठे होती?" आबा म्हणाले, "तुमी वायच लवकर उठलास."

कविता ते कधी कागदावर उतरवत नसत. समुद्राच्या काठाने फिरत मोठमोठ्याने जुळवत. लाटांच्या आवाजात आपला शब्द आपल्याला ऐकू आला तर तो खरा, असं त्यांचं म्हणणं. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं म्हणत, आबा दर्याशी भांडूक गेले. त्यांच्या कवितांमधली एकच मला अजून सगळी येते, कारण ती फार लहान आहे.

घोव बोटीन गेलो.
तेच्यो व्हाणो दारात रवल्यो.
पावस इलो,
तशी तिणा त्यो घरात घेतल्यान.
तेवडांच.

'घोव' म्हणजे नवरा. एवढीच कविता. पण 'रवल्यो' म्हणून आबा थांबत, आणि त्या थांबण्यात पास्कूचा गज फिडलवर फिरे.

पास्कू आमच्या आळीच्या टोकाचा पाववाला. ठेंगणा, हसरा, कोपरापर्यंत हात पिठाने पांढरे. रविवारी तो चर्चमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवी आणि शनिवारी आबांकडे. तो आबांच्या शब्दांमागून वाजवत नसे आणि शब्दांवर चढतही नसे. आबा जिथे थांबत तिथे तो हलकेच आत शिरे आणि आबांनी श्वास घेतला की बाहेर येई. दोघांनी कधी तालीम केल्याचं मी पाहिलं नाही. पहाटे भट्टी पेटवायची म्हणून पास्कूला लवकर निजावं लागे, त्यामुळे जेवणवेळेच्या आत बैठक संपे. मग आबा त्याला पायरीपर्यंत पोचवत आणि दोघं तिथेच उभ्याने माशांच्या भावाबद्दल तावातावाने बोलत राहत.

रोज सकाळी आबा पास्कूच्या भट्टीवरून पाव आणत. काकींना तो घरात चालत नसे. पायरीवर बसून आबा पाव चहात बुडवून खात आणि काकी आतून म्हणत, "ह्यांका खुळ लागलाहा. भाकरी काय कडू झाली?"

पंचावन्न सालच्या श्रावणात पास्कूची आई गोव्यात आजारी पडली. चार दिवसांत येतो म्हणून तो फिडल घेऊन गेला. आईला त्याचं वाजवणं आवडे. तो तिकडे असतानाच सीमा बंद झाली. गोवा पोर्तुगिजांचा, आपण भारतातले, हे आम्हाला माहीत होतं, पण एक खाडी ओलांडून येणारा माणूस येऊ शकणार नाही हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पास्कूची आई त्याच महिन्यात गेली आणि पास्कू तिकडेच अडकला.

पहिले काही शनिवार आबांनी बैठक घेतली. ते ओळ सांगून थांबत आणि मी एकटीच सा धरून बसलेली असे. फार अवघड जाई ते. दिवाळीत शेजाऱ्यांचे एक पाहुणे मुंबईहून आले. त्यांनी व्हायोलिनचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. आबांनी त्यांना बसवून घेतलं आणि दोन कवितांनंतर हात जोडले. "तुमी फार बरां वाजवतास," ते म्हणाले. "पण माका बोलूक जागा ठेवलास नाय."

त्या हिवाळ्यात आबांना एक नवी कविता झाली. काठावरून घरी आले तेव्हा ते जवळजवळ धावतच होते. काकींना म्हणाले, मला म्हणाले, "झाली गो, झाली." मी म्हटलं, "सांगा ना." तर म्हणाले, "आता नाय. पास्कू येवने. हेच्यात तेचो वाटो माझ्यापेक्षा मोठो आसा."

गोव्यात माहेर असलेली एक काकणवाली तेव्हा गावोगाव बांगड्या भरत फिरे. बंद सीमेतूनही तिचं चोरून येणं-जाणं होतं. आबांनी तिच्याजवळ निरोप दिला. मी तिथेच होते. "पास्कूक सांग, नवी कविता झाली. तुझ्याशिवाय सांगूची नाय. ये."

असे निरोप माणसं एकमेकांना देतच असतात. 'ये' म्हटलं म्हणून कुणी लगेच उठून निघत नाही.

पास्कू निघाला. त्याच्या परवान्यासाठी तिकडच्या पाद्रींनी खटपट चालवली होती, थोडी कळ काढली असती तर तो सरळ रस्त्याने आला असता. तो तेरेखोलच्या खाडीत उतरला, फिडल कापडात गुंडाळून डोक्यावर धरून. पोर्तुगीज शिपायांनी त्याला पाण्यातच गाठलं. डोक्यावरचं गाठोडं त्यांना बंदुकीसारखं दिसलं असेल. त्यांनी ते ओढलं, पास्कूने सोडलं नाही. मग बंदुकीच्या दस्त्याने फिडलही मोडलं आणि ते धरणारा डावा हातही. तसाच त्याला तुरुंगात टाकला.

काकणवालीने ही बातमी आबांना कचेरीच्या खिडकीशीच सांगितली. पुढची हकिकत तिने मला नंतर सांगितली. रांग लागलेली होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं तिकीट समोरच्या माणसाला दिलं आणि खिडकी लावून घेतली. बाहेर लोक ओरडू लागले. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली आणि आबा तिकिटं देऊ लागले. लोक पुटपुटले तरी आबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ते पास्कूच्या घरी गेले. सोबत मीही होते, कारण काकी म्हणाल्या, "एकट्यांका सोडू नको." पास्कूची बायको मारीबाय भट्टीसमोर उभी होती. कडेवर लहान मूल होतं. पास्कूमागे भट्टी सांभाळणारा दीर नुकताच तापाने अंथरुणाला लागला होता, काम एकटीवर आलं होतं.

आबा म्हणाले, "मारीबाय, माझ्यामुळे झाला."

"होय," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

आबांना आणखी काही बोलायचं होतं. तिने त्यांना बोलू दिलं नाही. "शब्द नको आता, आबा. शब्दान गेलो तो. माका शब्द नको, पीठ मळूक मानूस व्हयो."

ती रागाने बोलली होती. आबांनी ते सरळ घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कोट खुंटीला अडकवून भट्टीवर गेले आणि पीठ मळायला बसले. पास्कू तुरुंगात होता तितकी सगळी वर्षं ते रोज गेले. पहाटे पीठ, मग विहिरीवर आंघोळ, मग काळा कोट आणि कचेरी.

आज कुणाला यात विशेष वाटणार नाही. तेव्हा गावाला फार वाटलं. पाव खाणं एक आणि किरिस्तावाच्या भट्टीत पीठ मळणं दुसरं. देवळातल्या मंडळींनी आबांना पालखीला खांदा देऊ नका म्हणून सांगितलं. नात्यातल्या एका लग्नात त्यांचं पान वेगळं मांडलं. आबा तिथे जेवले आणि उठताना यजमानांना म्हणाले, "भात मऊ झालो." बस, एवढंच. काकी पहिले काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी मी पाहिलं, आबा भट्टीवरून यायच्या आधीच विहिरीच्या काठावर पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. पुढे तर काकी चतुर्थीचे मोदक घेऊन स्वतः मारीबायकडे गेल्या.

कविता मात्र बंद झाली. चटई गुंडाळून माळ्यावर गेली. आबा काठावर फिरायला जात, पण आता मोठ्याने काही बोलत नसत. मी एकदा धीर करून म्हटलं, "आबा, निदान जुन्या तरी सांगा. मी लिहून घेते." ते म्हणाले, "कोणाक बोलवतलंय त्यो सांगान? आणि कोणाचो हात मोडतलंय?" मी पुन्हा विषय काढला नाही.

गोवा मोकळा झाला तेव्हा नाताळ तोंडावर होता आणि भट्टीला उसंत नव्हती. अशाच एका सकाळी आबांना कचेरीला उशीर होऊ लागला. त्यांना बोलवायला मी भट्टीवर गेले. आबा पाठमोरे बसून पीठ मळत होते, मारीबाय आत भट्टीशी होती. दारात एक माणूस उभा होता. मी त्याला ओळखलं नाही. गालफडं बसलेली, केस पांढरे. तो बराच वेळ आबांच्या पाठीकडे, त्यांच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला,

"आबा, पीठ सैल झाला."

आबांचे हात थांबले. ते वळले नाहीत. मला त्यांचे फक्त खांदे दिसत होते. मारीबाय आतून धावत आली, तिच्या मागून आता मोठा झालेला मुलगा आला, मग आळीतली माणसं जमली, रडारड, हसणं, सगळं झालं. एवढं होईतो आबा पिठात हात घालून तसेच बसले होते. शेवटी पास्कूच त्यांच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. तेव्हा आबांनी त्याचा डावा हात पाहिला. बोटं आत वळून ताठ झाली होती, वाळलेल्या आल्यासारखी.

आबांनी तो हात आपल्या पिठाच्या हातात घेतला.

पास्कूला आळीतल्यांनी सगळं सांगितलं, पीठ मळण्याचं आणि बैठक बंद झाल्याचंही. पीठ मळण्याबद्दल तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी घरी येऊन ओसरीवर उभ्यानेच आबांवर ओरडला. त्याला रागावलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

"माझी बोटां गेली, आबा. तुमचा तोंड खंय गेला?" तो म्हणाला. "थंय कोठडीत मी रोज म्हणी, आज शनवार, आता आबा बसले असतीत, आता बाय सूर धरता असतली. तेच्यार मी दिवस काढलंय. आणि तुमी हंय गप बसलास?"

आबा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "माका वाटला, मी बोलूचा नाय."

"कोणी सांगला तुमका?"

पुढच्या शनिवारी काकींनी स्वतः माळ्यावरून चटई काढून झटकली. जुनी माणसं आली. काही गेलेली होती, काही मुंबईला पांगलेली. मारीबाय पहिल्यांदाच आली आणि काकींजवळ बसली. मी पेटी घेतली आणि सा धरला. पास्कू मोकळ्या हातांनी आबांच्या शेजारी बसला.

"ती नवी सांगा," तो म्हणाला. "जिच्यासाठी माका बोलवलास ती."

आबा ताठ बसले. डोळे मिटले. ओठ हलले. आम्ही वाट पाहत होतो. बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता, दूर बंदरावर कुणीतरी पडाव ठोकत होतं तेवढा आवाज. आबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

"नाय रे," ते म्हणाले. "गेली. पिठात गेली."

एकही ओळ राहिली नव्हती. ती कविता त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, मलाही नाही, काकींनाही नाही. समुद्राने तेवढी ऐकली होती.

पास्कू खाली बघत राहिला. त्या कवितेपायी त्याचा हात गेला होता. तो काय म्हणेल याची मला भीती वाटली. तो म्हणाला, "जावंदे. मी इलंय मा?" आणि त्याने तोंड मिटून व्हाणांच्या कवितेतली ती फिडलची जागा गुणगुणायला सुरुवात केली. आवाज घोगरा होता, पण तीच जागा, तेच वळण. आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "घोव बोटीन गेलो."

तेवढी एक पुरी झाली. दुसऱ्या एकीच्या दोन-तीन ओळी आल्या, पुढे नाही. मारीबाय पदराने डोळे पुसत होती. टाळी वाजवू नये हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी तिने वाजवली नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं पायरीवर बसत. पास्कू एकेक जागा गुणगुणे आणि आबा शब्द शोधत. कधी सापडत, बहुतेक वेळा नाहीच. एकदा आबा मला म्हणाले, "बाय, तेका सगळा याद आसा. माझाच घर रिकामी." मी तेव्हा लिहायला बसले, पण तुकडेच हाती आले. मग माझी बदली आंबोलीला झाली. तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात, घाट खचून आठवडाभर एसटी बंद होती त्या दिवसांत, आबा गेले. मला कळलं तेव्हा बारावाही होऊन गेला होता. काकी मुलाकडे मुंबईला गेल्या आणि घर दुसऱ्या कुणी घेतलं.

तीन-चार वर्षांनी मी मालवणला गेले ती पास्कूला भेटायला. भट्टी मुलगा सांभाळत होता. पास्कूने बाकावर बसवलं, चहा आणि पाव दिला. थोड्या इकडच्या तिकडच्या गजाली झाल्या. मग तो आपणहून म्हणाला, "आबा सपनात येतत माझ्या. थंयच, चटयेर बसतत. आणि ती नवी कविता सांगूक लागतत."

मी कप खाली ठेवला. "काय सांगतात?"

"पैली ओळ सांगतत. मगे माका जाग येता."

"काय असते ती ओळ?"

पास्कू माझ्याकडे बघत राहिला. त्याला ती येत होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने उजव्या हाताने डावा हात मांडीवर घेतला, बोटं सरळ करून पाहिली, ती झाली नाहीत.

"तां सांगूक येवचा नाय, बाय, गुणगुणूक पण नाय," तो म्हणाला. "हात बरो असतो, तर वाजवून दाखयलंय असतंय."